एकशे चाळीस फुटांचा पैलवान

नालवाडीला खोली करून शिकत होते तेव्हा वर्ध्यात इंटरनेटची दुकानं नवीनच निघाली होती. एका मैत्रिणीच्या भावाने तिथे आम्हाला एक चित्र दाखवलं. खेळातला एक पत्ता, परदेशात कुणीतरी विकत घेतलेला, आणि त्याची किंमत जवळजवळ एका ट्रॅक्टरएवढी. सगळे हसले. एवढ्याशा कागदाला एवढे पैसे, लोकांना कामधंदे नाहीत, असं सुरू झालं. मी म्हटलं, मिळाला असेल तेवढा भाव, त्यात चुकलं काय? मग सगळे मलाच हसले. हसोत बापडे. त्यांच्यापैकी कुणी आपला पत्ता दुसऱ्याच्या हातात बघितला नव्हता.

मी बघितला होता, समुद्रपूरला, सातवीत असताना. बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर आमचं किराण्याचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातला तो काळ, घरोघरी केबल पोचली होती आणि पोरांना परदेशी पैलवानांचं वेड लागलं होतं. बाबांनी नागपूरहून त्या पैलवानांच्या पत्त्यांची पाकिटं आणली आणि दोरीला टांगली. प्रत्येक पत्त्यावर एकेका पैलवानाचा फोटो, खाली त्याची उंची, वजन, छातीचं माप. खेळ सोपा होता. आपापली गड्डी उलटी जमिनीवर ठेवायची. ज्याचा डाव असेल त्याने आपला वरचा पत्ता बघून 'उंची' किंवा 'वजन' असं बोलायचं, मग दोघांनी पत्ते उघडायचे. ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही पत्ते घ्यायचे आणि पुढचा डावही त्याचाच. आमच्याकडे खेळ खऱ्याने असायचा, म्हणजे जिंकलेला पत्ता परत मागायचा नाही.

घरच्यांनी विकायचा माल फोडायचा नाही, हा बाबांचा नियम. म्हणून मी सुट्टीभर गुळाच्या ढेपी फोडल्या, पुड्या बांधल्या आणि मजुरी म्हणून पाकिटं घेतली. अशाच एका पाकिटातून तो निघाला. केस मोकळे, दात विचकलेले, आणि खाली उंची एकशे चाळीस फूट, वजन सहा पूर्णांक सात किलो. छापणाऱ्याने आकड्यांची अदलाबदल केली होती. बाबा म्हणाले, हा पैलवान तर आपल्या काट्यावर तोलता येईल, आणि दुकानात बसल्या बसल्या पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी मी तो शाळेच्या मैदानात काढला. पोरांनी आधी उंची पाहिली, मग एकमेकांकडे. ही छपाईची चूक आहे, हा पत्ता बाद, असा निकाल लागला. मी सांगितलं की छापलं ते खरं. आमच्या दुकानात कुणी भावावरून हुज्जत घातली की बाबा पाकिटावर बोट ठेवायचे, "छापेल हाये," म्हणायचे, आणि विषय संपायचा. तोच न्याय मी लावत होते. पण पोरांनी गड्ड्या उचलल्या आणि तिकडच्या झाडाखाली जाऊन बसले. पोरीला खेळात घेतलं हेच खूप झालं, असं एक जण जाता जाता बोलला.

गंमत अशी, की बाद केलेल्या पत्त्यासाठी तेच लोक एकेकटे दुकानाशी यायला लागले. एकाने दहा पत्ते देऊ केले, एकाने पंचवीस, एकाने कंपासपेटी. वस्तू कमी असली की महाग होते, असं सगळे शहाणे सांगतात. साफ खोटं आहे. आमच्याकडे कंदिलाची एक अडनिड मापाची काच होती, तशी दुसरी अख्ख्या तालुक्यात नसेल. तीन वर्षं धूळ खात पडली, कुणी विचारलं नाही. नुसतं एकुलतं एक असून भागत नाही. ती वस्तू हातात घेऊन चारचौघांत बसावं, असं दुसऱ्याला वाटावं लागतं. आणि धन्याने नाही म्हणावं लागतं. मी नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी भाव वाढलेला असायचा. मी तर भाव वाढवायला नाही म्हणतच नव्हते. मला तो हवा होता, बस.

शेवटी कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या मुलाला तो हवासा झाला. त्यांच्या कारखान्याचा आणि घरचा सगळा किराणा आमच्याकडून जायचा. मुलगा माझ्याच वर्गात. तो माझ्याकडे आलाच नाही. त्याने वडिलांना सांगितलं, वडिलांनी माझ्या बाबांना. बाबांनी मला जेवताना समजावलं की मोठं गिऱ्हाईक आहे, एका कागदासाठी वाकडं कशाला घ्यायचं, बदल्यात दोरीवरची सगळी पाकिटं तुझी.

"मले नाई पाहिजे पाकिटं," मी म्हटलं. "तो पत्ता दुकानातला नाई, माह्या दप्तरातला हाये."

रविवारी मी विहिरीवर गेले असताना बाबांनी दप्तरातून तो काढला आणि देऊन टाकला. मला कळलं ते सोमवारी, मधल्या सुट्टीत. झाडाखाली गर्दी होती आणि तो पोरगा ओरडत होता, एकशे चाळीस! समोरचे निमूट आपले पत्ते त्याच्याकडे सरकवत होते. एकानेही बाद म्हटलं नाही. ज्याने माझ्या तोंडावर निकाल दिला होता, तोच आता कुणा नव्या पोराला समजावून सांगत होता की छापलं ते खरं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तोच कागद, तेच आकडे. माझ्या हातात चूक, त्याच्या हातात हुकूम. आजही कुणी मला भाव कसा ठरतो ते शिकवायला लागलं की मला ते झाड दिसतं. वस्तू कुणाच्या हातात आहे हेही भावात धरलेलं असतं, आणि ते कुठे छापलेलं नसतं.

मंगळवारी मी माझे सगळे, बत्तीस पत्ते घेऊन गेले. म्हटलं, तू आणि मी, दोघंच, खऱ्याने. त्याला नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. पोरीला घाबरला असं झालं असतं. शिवाय त्याला वाटत होतं की त्या पत्त्याला मारणारा पत्ता नाही. दुसरी ओळ त्याने कधी नीट वाचलीच नसावी.

मी वाचली होती. आणि आणखी एक गोष्ट फक्त मला माहीत होती. पहिल्याच दिवशी पुड्या बांधता बांधता तो पत्ता हाताळल्यामुळे त्याच्या पाठीवर माझ्या बोटाची हळद लागली होती, कोपऱ्यात, पुसट. कुणी याला लबाडी म्हणेल. म्हणू दे. आपला माल आपल्याला ओळखू येतो, यात लाज कसली?

सुरुवातीला मी हरत गेले. एकदा तो पिवळा कोपरा त्याच्या गड्डीवर आला, पण डाव त्याचा होता. 'उंची' म्हणाला आणि माझा एक चांगला पत्ता गेला. पोरं नाचली. हळदीचा पत्ता त्याच्या गड्डीच्या तळाशी गेला आणि मी वाट बघत राहिले. माझ्याकडे बारा उरले, मग नऊ. मग एक डाव मी जिंकले, आणि त्याच्या गड्डीवर पुन्हा पिवळा कोपरा आला. माझा वरचा पत्ता उचलून पाहिला तर अगदीच मरतुकडा पैलवान, ब्याण्णव किलोचा.

"वजन," मी म्हटलं.

त्याने पत्ता उलटला. सहा पूर्णांक सात. तो म्हणाला ही चूक आहे, हे धरायचं नसतं. मागून कुणीतरी पोरगं हळूच म्हणालं, "छापेल हाये न बे." मी पत्ता घेतला, माझे उरलेले दहाही उचलले आणि घरी आले. पुढचा डाव खेळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगवाले स्वतः दुकानात आले. स्कूटर बंदही केली नाही. बाबांना म्हणाले, तुमच्या मुलीने फसवून घेतलेला तो कागद द्या. मी आत तराजूचं पारडं पुसत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते आता उठतील, दप्तराकडे जातील, अशी माझी खात्री होती. दप्तर त्यांच्या हाताशीच होतं.

बाबा उठले नाहीत. "मागच्या बारीले मी देल्ला होता," ते म्हणाले. "तो माहा नोहोताच. जिचा हाये तिले विचारा."

त्या दिवाळीचा किराणा त्यांनी दुसरीकडून नेला. पण ते पुढचं. त्या घडीला ते जिनिंगवाले, गावात कुणाकडे मान वळवून न बघणारे, काउंटरवरून वाकले आणि मला, सातवीतल्या पोरीला, विचारलं की पत्ता विकते काय.

मी पारडं पुसत होते. पुसता पुसताच नाही म्हटलं.