खुर्ची आली, घरचं माणूस नाही

मालकाच्या घरचं कुणी ज्या जहाजात पाय ठेवायला धजत नाही, त्यात तुम्ही तुमच्या सख्ख्या भावाला पाठवाल का?

आमचा मामा निघालाय. अख्ख्या खलाशांचा मामा, जहाजावरचा स्वयंपाकी. म्हाताऱ्या मालकाकडे एकच बोट होती, तेव्हा हा तिच्यावर भांडी घासायला लागला. बोटीची कंपनी झाली, मामाची पातेली मोठी झाली, केस गेले.

म्हाताऱ्याचा एक रिवाज होता. जहाज सुटलं की घरचं एक माणूस बंदराच्या तोंडापर्यंत जायचं आणि जहाजाला बंदराबाहेर वाट दाखवणाऱ्या पायलटच्या लाँचमधून परत यायचं. "माझं पोर ज्यात बसणार नाही, त्यात दुसऱ्याचं कशाला बसवू?" म्हणायचा. मुलानेही तो पाळला. एकदा तर पोटुशी सून गेली, याच जहाजावर. मामाने तिला लिंबू चोखायला दिलं. तेव्हा पोटात होती ती आताची मालकीण.

आज या जहाजाचा तळ इतका झिजलाय, की भोकांवर सिमेंट थापलंय. काल बाईसाहेब धक्क्यावर आल्या, जहाजाकडे बघितलं आणि आजोबांची खुर्ची वर चढवली. "मला शिडी सोसत नाही. माझ्या जागी ही."

आणि मामा हरखला! खुर्ची पुसून भटारखान्यात मांडली. माझं टाळकं सणकलं.

"मामा, ती का नाही चढली?"

"सोसत नाही म्हणाली ना. तू फार ओरडतोस."

"गोदामाच्या माळ्यावर मांजरीसारखी चढते!"

"आईच्या पोटात असल्यापासून ओळखतो तिला. ती मला बुडवेल?"

"ती कशाला बुडवतेय? ती फक्त घरी बसेल."

मामा हसला नाही. कांदा चिरता चिरता थांबला. पायाखाली पंप घरघरत होता. जहाज अजून धक्क्याला बांधलेलं, तरी पाणी उपसणं चालूच.

"मी उतरलो तर सगळी पोरं उतरतील रे," तो हळूच म्हणाला. "म्हाताऱ्याची कंपनी बुडेल."

"आणि नाही उतरलास तर?"

तो पुन्हा कांदा चिरायला लागला.

उद्या दुपारच्या भरतीला जहाज सुटणार. मामा उतरणार नाही, त्याच्या मागची पोरंही नाहीत. बंदराच्या साहेबांनी मला भांडखोर ठरवून फाटकाबाहेर काढलंय. एकट्याला हाकलायला एक पहारेकरी पुरतो, गर्दीला पुरत नाही. म्हणून तुम्ही या. दगड नको, शिवी नको. जहाजाला निरोप द्यायला बाईसाहेबांची गाडी आली की समोर उभे राहा आणि एवढंच म्हणा : बाई, आधी तुम्ही चढा.