आत्याची स्टेपनी

आत्याशी बोलायचं तर गाडीखाली वाकून बोलावं लागायचं. परीक्षा संपवून मी कुरुंद्याला पोचले की अंगणात जुनी पिकअप उभी असायची आणि मागच्या चाकापाशी आत्याचे पाय दिसायचे. साडीवर तिने यजमानांचा जुना खाकी शर्ट चढवलेला असायचा. "आलीस का गं? चौदाचा पाना दे," हे तिचं स्वागत. मला ते बरं वाटायचं. इंग्रजी शाळेत शिकणारी मी चारचौघांत तोंड उघडत नसे, पण समोर चेहरा नसला की मला बोलता यायचं.

यजमान गेल्यावर आत्या स्वतः गाडी शिकली. पिकअप त्यांनीच जिवापाड जपलेली, पण कागदपत्रं धाकट्या दिरांच्या, अण्णांच्या, नावावर. गाडी तिच्याकडे ठेवायला अण्णांची अट एकच होती. घरची हळद वसमतला न्यावी, बाकी धंदा करायचा नाही. "आमच्या घरची बाई लोकांच्या शेतात बॉयलर ओढत हिंडणार का?" आत्याला मात्र नेमकं तेच करायचं होतं. हळद शिजवायचा चाकांवरचा बॉयलर तेव्हा नवीनच आला होता. माहेरच्या दोघींबरोबर तिने भागीत तो ठरवूनही ठेवला होता. फक्त ओढायला गाडीला हुक हवा होता, आणि तो अण्णांना दिसायला नको होता.

त्या वर्षी तिने मला जवळ बसवून सगळं सांगितलं. "तुला सांगणं म्हंजे भिंतीला सांगणं. तू चारचौघांत बोलतच न्हाईस." वसमतहून बनवून आणलेला हुक गोणपाटात गुंडाळलेला होता. चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, मुळातच जी भोकं होती, त्यांतच तिने तो आवळला. नवं भोक पाडायचं नाही, हा तिचा हट्ट. "उद्या काढला तर गाडीला कळलं बी न्हाई पायजे."

अडलं ते स्टेपनीपाशी. गाडीखाली टांगलेलं ते चाक आता वर जाईना, हुकाच्या पाइपला अडायचं. चाक छातीवर पेलून आत्या खाली पडून राहायची आणि मी साखळी ओढायची. साखळी हातातून सुटेल या भीतीने मी ती मनगटाला गुंडाळून घेई. "काहून भिऊन राहिली? चाक माझ्या अंगावर हाय, तुझ्या न्हाई." शेवटी तिने चाक उलटं फिरवलं, तसा पाइप रिमच्या खळग्यात अलगद बसला. मी मागून, बाजूने, जमिनीला गाल टेकवून पाहिलं. चाकाशिवाय काही दिसत नव्हतं. फक्त स्टेपनी उतरवली तरच हुक दिसला असता.

बॉयलर आणायला निघायचं त्याच सकाळी दाराशी अण्णांची जीप थांबली. मागच्या सीटवर आत्याची सासू मान टाकून बसली होती. तिच्या श्वासाचा आवाज अंगणात ऐकू येत होता.

"वहिनी, मायला नांदेडला न्यायचं हाय. जीपच्या चाकाची हवा गेली. माझी स्टेपनी बी पंचर. पिकअपचे हिसके तिला सोसायचे न्हाईत. तुमची स्टेपनी द्या."

दोन्ही गाड्यांचं चाक एकाच मापाचं. मी आत्याचा शर्ट मागून ओढला. "नको ना. दुसरीकडून मिळेल," मी पुटपुटले.

"वसमतहून चाक येईस्तोवर म्हातारीनं काय श्वास धरून बसावं?" ती हळूच म्हणाली आणि गाडीखाली शिरली. साखळी सुटली, चाक धपकन खाली आलं. ते ओढून घ्यायला अण्णा स्वतःच वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हे काय हाय?"

"टोचनचा हुक."

"बॉयलरसाठी?"

"व्हय. आधी चाक बसवा भावजी. मायची धाप वाढून राहिली."

सासूबाई वाचल्या. त्या घरी आल्यावर अण्णा एका माणसाला घेऊन आले, स्टेपनी परत द्यायला आणि पिकअप न्यायला. आत्या भांडली नाही. "हुक माझा हाय, तेवढा काढते," म्हणून ती गाडीखाली गेली. अण्णा किल्ली हातात खेळवत उभे राहिले. हुक काढल्यावर तिने स्टेपनी पुन्हा वर चढवली, सुलटी, आणि दोन्ही हातांनी हलवून पाहिली. गाडी आपली राहिली नाही म्हणून चाक सैल ठेवणं तिला जमणारं नव्हतं.

अण्णा पिकअपमध्ये बसले. काच खाली करून म्हणाले, "मायनं इचारलं, त्या दिवशी चाक कोणाचं होतं म्हणून."

"मंग काय सांगितलं?"

अण्णांनी गाडी सुरू केली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत आत्या बघत राहिली. मग शर्टाला हात पुसून तिने हुकाचं एक टोक उचललं.

"चल. गावातला ट्रॅक्टरवाला घरी असंल आता, बॉयलर तो ओढंल. धर गं दुसरीकडून, जड हाय."