सोनवणे सरांचा पेन ड्राइव्ह

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, चळवळीतल्या पोरांना नाही. योगेशला अर्धं माहीत आहे, पण त्याला मी गप्प बसवलं — कसं, ते येईलच.

तुम्ही मला कदाचित ऐकलं असेल. जळगावात, धुळ्यात, जामनेरच्या बाजारात — हातात पत्रकं, घसा बसलेला. ‘आकडा दाखवता, तर कोडही दाखवा!’ ही घोषणा माझी. संशोधक अहवालात आकडा लिहितो, तो संगणकाच्या प्रोग्रॅममधून आलेला असतो. त्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ लोकांसमोर ठेवा, कायमची जपा. पुढं कधीही, कुणालाही ती पुन्हा चालवून बघता आली पाहिजे. बघता येत नसेल तर ते विज्ञान नाही, हुकूम आहे. हे मी आजही म्हणते. टाळ्या पडतात.

सोनवणे सर धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. पांझरेकाठच्या गावांत जमिनीखाली पाणी किती उरलंय, याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यासाठी वर्षानुवर्षं विहिरींत टेप सोडत हिंडले. त्यांच्या आकड्यांवरून काही गावांत नवी बोअर बंद झाली. गावं भडकली. आणि आम्हाला — खरं सांगू? — आम्हाला विषय मिळाला.

आम्ही कोड मागितला. ते नाही म्हणतील असं धरूनच मागितला; नकारावर पत्रक छान निघतं. पण हा माणूस एसटीनं जळगावला आला, रिक्षा करून पिंप्राळ्यात आमच्या घरी आला आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. आईनं चहा केला. कॉलेजचा जुना संगणक भंगारात गेला, आता एवढंच उरलंय, म्हणाले. दुसरी प्रत ठेवली ना सर, मी विचारलं.

“तुम्ही कायमचं जपणार म्हणता ना, बाई? मग आता तुमच्याकडेच.”

आणि पायात चप्पल सरकवता सरकवता — “हा ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या जुन्या आवृत्तीवर चालवा हं. नव्या आवृत्तीवर आकडे हलतात.”

मी ते ऐकलं. ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय आहे, चहाच्या कपांचा आवाज होता वगैरे. पण ऐकलं होतं.

आम्ही पेन ड्राइव्ह माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपला लावला आणि प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवरच चालवला. आकडे हलले. ‘शिजवलेले आकडे!’ — हा मथळा लिहिताना मला जो आनंद झाला, तसा कधी दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

पत्रकं वाटून झाली आणि दोंडाईच्याहून योगेशचा फोन आला. आमच्यात प्रोग्रॅम कळणारा तो एकटाच, म्हणून सरांच्या प्रोग्रॅमची एक प्रत त्याला दिली होती. त्यानं कुठून तरी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती मिळवली होती, तिच्यावर सगळं पुन्हा चालवलं होतं. सगळे आकडे जुळत होते, अहवालात होते तसेच. “ताई, सर बरोबर आहेत. सभेत सांगून टाकू.”

मी काय म्हणाले असेन? — “तुझ्याकडची प्रत उडव.” तो ‘ताई, पण’ म्हणाला. मी म्हटलं, तुला चळवळ पाहिजे की मास्तर? त्यानं उडवली.

सभा धुळ्यात झाली. सर आले. कुणाचा तरी लॅपटॉप मागून आणला होता, त्यावर ती जुनी आवृत्ती घालून आणली होती. माझा पेन ड्राइव्ह द्या, म्हणाले, इथंच सगळ्यांसमोर चालवून दाखवतो.

पेन ड्राइव्ह माझ्या झोळीत होता. माझी बोटं त्याच्यावरच होती. मी माईकवर म्हणाले, “तो जळगावला राहिला, सर.” इथं तरी थांबावं ना? नाही थांबले; आमच्या खानदेशातल्या ज्वारी-उडदाच्या भाकरीवर आले. “आणि काय हो सर, तुमची कळण्याची भाकरी एकाच तव्यावर फुगते का?”

हशानं मंडप फुटला. “बठ्ठं खोटं शे, मास्तर!” मागून कुणी अहिराणीत ओरडलं, सगळंच खोटं म्हणून. “तवा घर ऱ्हायना का?” — दुसरा, तवा घरीच राहिला का म्हणून. पुढच्या रांगेत त्यांच्याच वर्गातली पोरं बसली होती. तीही हसली.

सर त्या हसण्यातच बोलले. मी जवळ होते म्हणून मला तेवढं ऐकू आलं. “हो बाई. तवाही जपावा लागतो. नुसतं पीठ जपून भागत नाही.” मग त्यांनी लॅपटॉप मिटला आणि त्याची वायर नीट, सावकाश गुंडाळत बसले. मला दया आली का? नाही. मला मजा आली. लोक माझ्या वाक्याला हसत होते.

बोअरची बंदी उठली. मशिनच्या गाड्या गावागावांत शिरल्या. सरांनी शिकवणं सोडलं. पोरं वर्गात ‘तवा, तवा’ करायची म्हणे.

आणि पेन ड्राइव्ह? छापखान्यात पुढचं पत्रक द्यायचं होतं. घरात दुसरे पेन ड्राइव्ह होते. मी तोच घेतला, त्यातलं सगळं पुसलं, त्यावर पत्रक भरलं. पत्रकाचा मथळा होता — ‘कोड जपा!’

तवा आणि पिठाचं ते वाक्य मी आता भाषणात वापरते. लोक लिहून घेतात. सरांचं नाव मी घेत नाही.

सरांचे आकडे खरे होते, हे मी आज तुम्हाला सांगतेय. पण तुम्ही ते कशावरून मानायचं? चालवून बघायला आता काहीच नाही. मीच शिकवलंय तुम्हाला, बघता येत नसेल तर मानू नका.

धुळ्याच्या स्टँडवर सर मला अधूनमधून भेटतात. रागावलेले नसतात. पेन ड्राइव्ह खरंच जळगावला राहिला, घरात कुठं तरी पडलाय, असंच अजून धरून चालतात. दर वेळी विचारतात, “सापडला का, बाई?”

दर वेळी मी म्हणते, “शोधतेय, सर.”