बटणकाकूंची दुपार

आमच्या इमारतीत कोणी कोणाचं तोंड बघत नाही. पण कोणाचा मिक्सर कधी लागतो, कोणाचा पंखा कुरकुरतो आणि कोणाचं नवराबायकोचं बिनसलंय, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. भिंती बिस्किटासारख्या आहेत. बांधणाऱ्याने सिमेंट कुठे खाल्लं ते त्यालाच माहीत. त्यातल्या त्यात माझं बरं आहे. मी जन्मभर बस चालवली आणि शेजारच्या इंजिनाने माझा डावा कान खाऊन टाकला. उजव्या कुशीवर झोपलो की जगात कोणी नाही. त्यामुळे आवाजाच्या भांडणात मला कोणी विचारत नाही. ‘ड्रायव्हरकाका, तुम्हाला काय ऐकू येणार!’ म्हणून हसतात. मला जे ऐकू आलं ते आता मी सांगतो. झोंबलं कोणाला तर झोंबू दे.

माझ्या समोरच्या दारात बटणकाकू राहायच्या. शहरातले शिंपी गिऱ्हाइकाच्या कपड्याचे उरलेले तुकडे त्यांच्याकडे आणून द्यायचे आणि काकू त्याच कापडाची बटणं करून द्यायच्या. त्यांच्याकडे एक लोखंडी हातयंत्र होतं, नवऱ्याच्या वेळचं. कापडाची गोल चकती कापायची, पत्र्याच्या टोपीवर ठेवायची, दांडा ओढायचा. खट्. मग मागून बूड बसवायचं, परत दांडा ओढायचा. खट्. बटण तयार. मग जराशी सवड, पुढची चकती हातात येईपर्यंत. नवरा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं बाई आता मुलीकडे जाणार. काकूंनी नवऱ्याच्या जागी स्टूल ओढलं आणि बसल्या. दिवाळं निघालं नाही, कोणापुढे हात पसरला नाही, आणि अंगठा तेवढा कायमचा वाकडा झाला.

मुलगी परगावी. चांगली आहे, नाही म्हणायचं नाही. दर फोनला म्हणायची, ‘आई, ते लोखंड भंगारात दे आणि इकडे ये.’ काकू मला म्हणायच्या, ‘जावई सोन्यासारखा आहे हो. पण त्याच्या घरी मी सोफ्यावर बसायचं, आणि कोणी आलं की उठून आत जायचं. इथे माझ्या घरात मी हवी तिथे बसते.’ म्हणजे यंत्र होतं तोवर काकूंचं स्वतःचं घर होतं. यंत्र गेलं की सोफा. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती अख्ख्या इमारतीला माहीत होती.

त्यांच्या बरोब्बर खाली मापसाहेब राहायला आले. वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उभ्या हयातीत दुकानदारांचे तराजू धरले, आता धरायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आवाज धरला. मोबाइलमध्ये आवाज मोजायची सोय असते म्हणे. ती चालू करून हा गृहस्थ मोबाइल झाडूच्या दांड्याला बांधायचा आणि छताला लावून उभा राहायचा. मी स्वतः पाहिलंय. बायको शेजारी भाजी निवडत बसलेली, आणि हे मान वर करून आकडे वाचतायत. लहान मुलाने केलं असतं तर कोणीतरी पाठीत धपाटा घातला असता.

पहिल्यांदा ते वर आले तेव्हा काकूंनी त्यांना पाणी दिलं, माफी मागितली आणि यंत्राच्या टेबलाखाली जुनी सतरंजी घातली. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून टायरचे तुकडे आणून चारी पायांखाली ठोकून दिले. तिसऱ्यांदा आले तेव्हा काकूंनी टेबल खिडकीकडच्या भिंतीला नेलं, तर साहेब म्हणाले, आता माझ्या पलंगावर येतंय. मग पलंग हलवा ना! नाही, पलंग हलवायचा नाही, पलंगाची जागा ठरलेली आहे.

शेवटी प्रकरण मीटिंगमध्ये गेलं. खालच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग भरते. त्याच महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी घर नवं करायला काढलं होतं आणि ड्रिल मशिनने अख्ख्या इमारतीच्या कवट्यांना भोकं पाडून ठेवली होती. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी काढला, तर सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, ते तात्पुरतं आहे. शिवाय डॉक्टर आहेत, उद्या आपल्याला लागतील.’ सेक्रेटरींचा विमा काढायचा धंदा. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक दारात पुन्हा जायचं असतं, म्हणून तो कोणत्याच दारात खरं बोलत नाही.

मापसाहेबांनी कागदावरून आकडे वाचले. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. मग त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘तुम्ही सांगाल तेव्हा बंद ठेवते. पण पूर्ण बंद करा म्हणू नका.’ झालं, ठराव झाला. सकाळी नऊच्या आधी नाही, संध्याकाळी सातच्या पुढे नाही आणि दुपारी एक ते चार शांततेची वेळ, कारण साहेबांना रक्तदाब आहे आणि त्यांनी दुपारी पडावं असं डॉक्टरांनी सांगितलंय. ड्रिलवाल्या डॉक्टरांनीच. आणि शेवटी एक वाक्य, सेक्रेटरींनी खाली बघत वाचलेलं: यापुढे एक जरी रास्त तक्रार आली, तरी यंत्र इमारतीतून हलवावं लागेल.

‘काकू, सही करू नका,’ मी म्हणालो.

‘करते हो. नऊ ते एक मिळतंय, चार ते सात मिळतंय. पुष्कळ झालं.’

सही केली आणि त्या दिवसापासून बाई स्वतःच्या घरात चोरासारखी वावरायला लागली. एक वाजायच्या आधी भांडी घासून, पुसून, जागेवर. मोबाइल उशीखाली. पायात जाड लोकरीचे मोजे, भर उन्हाळ्यात, का तर पावलं वाजू नयेत. शिंक आली तर पदर तोंडात कोंबायच्या. मी चिडायचो. ‘अहो, ठराव यंत्राचा आहे, शिंकेचा नाही!’ तर हसायच्या. ‘रास्त म्हणजे काय ते कुठे लिहिलंय? तुमच्या साहेबांना शिंकेची तक्रारही रास्त वाटेल.’

खोटं नव्हतं ते. एकदा भर दुपारी काकूंच्या हातातून डब्याचं झाकण पडलं. झाकण ते, गोल गोल फिरत बसलं. ते थांबायच्या आत मापसाहेब वर हजर. अर्ध्या गालाला साबण, खांद्यावर टॉवेल, हातात मोबाइल. रक्तदाबाचा माणूस दोन जिने एका दमात चढून आला होता. मी दार उघडून बघतोय, काकू हात जोडून उभ्या, आणि हे म्हणतायत, ‘या वेळी मी तक्रार करत नाही. फक्त नोंद घेतोय.’ त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी बसचं तिकीट नसलेला प्रवासी सापडल्यावर आमच्या तपासनिसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे. काकूंनी त्या दिवसानंतर दुपारी स्वयंपाकघरात पाय टाकायचंच सोडलं. तहान लागली तरी चार वाजेपर्यंत बसून राहायच्या.

एक दिवस मात्र औषधाची गोळी घ्यायची राहिली होती, म्हणून त्या पाण्यासाठी उठल्या. मी घरी नव्हतो. डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर लागला होता आणि तिथल्या बाकावर मी नर्सशी हुज्जत घालत बसलो होतो. संध्याकाळ करून परत आलो, तर आमच्या मजल्यावर एक शिंपी उभा. लग्नाच्या पोशाखाची बटणं न्यायला आला होता. ‘काका, बाई दार उघडत नाहीत. आणि आतून मधूनच काहीतरी वाजतंय.’

काकूंची किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडलं. काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर, एक पाय भलतीकडे वळलेला. हातात स्टीलचा रिकामा डबा, तो फरशीवर आपटत होत्या. आपटत कसल्या, आता नुसता टेकवत होत्या. माझ्याकडे बघून पहिलं काय म्हणाल्या असतील? ‘सात वाजले का हो?’

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी त्या जरा बोलायला लागल्या. मुलगी रात्रीच्या गाडीने आली होती, उशाशी बसली होती. मी विचारलं, ‘पडलात कधी?’

‘एक वाजून गेला होता. मोजे घातलेले, पाय सरकला. पण आवाज नाही होऊ दिला हं. ओट्याला धरत धरत खाली गेले.’ हे त्या अशा सांगत होत्या की जणू आम्ही शाबासकी द्यावी.

‘आणि मग लगेच का नाही ठोकलंत? ओरडायचं तरी!’

‘शांततेची वेळ होती ना. एक तक्रार झाली असती तर यंत्र गेलं असतं. म्हटलं, चार वाजेपर्यंत काढते कशीतरी. चार वाजल्यावर किती ठोकलं मी, काका. कोणीच नाही आलं.’

मुलगी उठून बाहेर गेली. मला बसमध्ये मेलेली माणसं उतरवायची सवय आहे, मी सहसा रडत नाही. त्या दिवशी रडलो. राग इतका आला होता की तो दुसऱ्या कुठल्या वाटेने बाहेर येईना. कारण हिशेब माझ्या डोक्यात तिथेच, त्या पलंगाशी, स्वच्छ झाला. बाईंनी पडल्या पडल्या एकदा जरी तो डबा आपटला असता, तर मापसाहेब साबणासकट वर आले असते. मिनिटभरात. नियम मोडला असता तर माणूस मदतीला आला असता. नियम पाळला, चार वाजायची वाट पाहिली, आणि चारनंतर काकूंच्या घरातली ठोकठोक म्हणजे बटणकाकूंचं काम. तिची दखल कोणी आणि का घ्यावी?

पडून राहिल्याने काकूंच्या छातीत कफ धरला. पहिले काही दिवस त्या मुलीला शिंप्यांचे निरोप सांगायच्या, कोणाची निळी बटणं, कोणाची मोतिया. मग निरोप थांबले. आठवड्याच्या आत गेल्या.

इमारतीने शोकसभा ठेवली. त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काकूंचा फोटो, फुलं, उदबत्ती. ड्रिलवाले डॉक्टर आले होते, मापसाहेब बायकोला घेऊन पहिल्या रांगेत. मुलगी एका कडेला बसली होती. सेक्रेटरी बोलले की काकू अत्यंत शांत, समजूतदार, नियमाला धरून वागणाऱ्या होत्या, सर्वांनी त्यांचा आदर्श घ्यावा. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. मग ते म्हणाले, ‘आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळूया.’

सगळे उभे राहिले. मी बसून राहिलो.

‘शांतता नको,’ मी म्हणालो. ‘शांतता बाईंनी पुष्कळ पाळली. तुम्ही ही दोन मिनिटं बोला. त्या दिवशी चार ते सात त्या डबा आपटत होत्या. मला बहिऱ्याला नका विचारू, मी घरी नव्हतो. कोणाकोणाला ऐकू आलं, तेवढं सांगा.’

‘काका, ही वेळ नाही,’ सेक्रेटरी म्हणाले.

‘मग कोणती वेळ आहे ते सांगा, मी थांबतो.’

एकेक जण परत खुर्चीत बसला. डॉक्टर मोबाइल बघायला लागले. मापसाहेब घसा खाकरून म्हणाले, ‘हे पहा, चार वाजून गेले होते. ठरावाप्रमाणे त्यांना तेव्हा काम करायची मुभा होती. मी आक्षेप घेणं रास्त झालं नसतं.’

‘कामाचा आवाज नव्हता तो,’ कोणीतरी म्हणालं.

मापसाहेबांची बायको, अजून उभीच. इतक्या वर्षांत मी त्या बाईंचा आवाज प्रथमच ऐकला. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, काकूंच्या मुलीकडे बघत होत्या.

‘बटणाचा आवाज दोनदा यायचा आणि थांबायचा. मला तो पाठ होता, यांनाही पाठ होता. हा वेगळा होता. मी म्हटलं यांना, वर जाऊन बघून या. हे म्हणाले, घड्याळ बघ, आता आपल्याला बोलता येत नाही.’

‘अगं, बस खाली,’ मापसाहेब म्हणाले.

पण त्या उभ्याच राहिल्या. ‘तुझ्या आईने फार वेळ ठोकलं गं,’ त्या मुलीला म्हणाल्या. ‘मला ऐकवेना. मग मी टीव्हीचा आवाज वाढवला.’