इनामदार बाई आणि लसणाचा उपाय

इनामदार बाईंना राग आला की त्या आवाज चढवत नसत, चष्मा काढत. समोरच्याला कळायचं, आता आपलं वाक्य पुरं होणार नाही. समुद्री माशांच्या रोगांवर त्यांनी सरकारी नोकरीत उभा जन्म संशोधन केलं होतं. निवृत्तीनंतर त्या शहराच्या सॉल्ट लेक भागात एकट्याच राहत. ओळख मराठी मंडळातली. मी न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये प्रवाळांची आणि समुद्री माशांची टाकी ठेवलीय हे कळल्यावर त्यांनी पहिलंच विचारलं, "नवे मासे आणले की आधी वेगळे ठेवता का?"

"दुकानदार म्हणतो, गरज नाही. पंधरा वर्षांचा अनुभव आहे त्याचा."

चष्मा उतरला. "पंधरा वर्षं एकच चूक केली तरी पंधरा वर्षंच भरतात."

हा बंगाली दुकानदार म्हणजे तपनदा. शहरातल्या मासे पाळणाऱ्या हौशी लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तोच चालवायचा. मीच हौसेने बाईंना त्यात घ्यायला लावलं.

त्याच महिन्यात माझ्या माशांवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले. तपनदा म्हणाला, खाण्याला लसणाचा रस लाव. मी लावला. पाचव्या दिवशी मासे स्वच्छ. मी ग्रुपवर फोटो टाकला, 'लसणाने काम केलं.' वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला.

बाईंनी खाली लिहिलं, "ठिपका म्हणजे परजीवी. पोट भरलं की तो आपणहून गळतो, तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि परत माशांवर येतात. मधले काही दिवस मासा स्वच्छ दिसतो. लसूण द्या, नाहीतर देऊ नका, फरक पडत नाही. आजच मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत औषध द्या. मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवा, म्हणजे तळातले परजीवी उपाशी मरतील."

कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी टाकी किती मोठी?"

"घरी टाकी नाही."

मग हसण्याची चित्रं सुरू झाली. तपनदाने लिहिलं, पुस्तकं वाचून पोहता येत नाही, आणि बाईंना ग्रुपमधून काढून टाकलं. मी फोन हातात धरून सगळं वाचत होतो. एक अक्षर लिहिलं नाही.

आठवड्याने ठिपके परतले, आधीपेक्षा दाट. चार दिवसांत सहाही मासे गेले. शेवटचा निळा मासा जाळीने काढताना माझी बायको मेधा म्हणाली, "आता तरी त्यांना बोलाव."

बाई आल्या. मला वाटलं, ऐकवतील. त्या मेधाशीच बोलत बसल्या, कारण खाणं रोज तीच घालायची. मेधा म्हणाली, "ठिपके दिसायच्या दोन दिवस आधी निळा मासा दगडाला अंग घासत होता. मी ह्यांना सांगितलं होतं." बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "हा अनुभव. लसणाने बरे झाले हा अनुभव नाही, तो तुम्ही काढलेला अर्थ आहे. एवढा फरक शिकलेल्या माणसाला कळू नये?"

अडीच महिने टाकी माशांविना राहिली. बाई दर रविवारी येऊन प्रवाळ बघत. मग त्यांचं नागपूरला मुलीकडे जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी गप्प बसलो. माफ करा."

"माफीचं मी काय करू? तुमचा तो स्वच्छ माशांचा फोटो अजून ग्रुपवर आहे. लोक तो बघून लसूण सोलत असतील. सहा मेले हे लिहिलंत कुठे?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"मेलेल्यांचं कुणी लिहीत नाही. म्हणून सगळ्यांचा अनुभव चांगलाच असतो." त्या पुस्तकांचं खोकं बांधू लागल्या. चहा विचारला नाही.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. फोटोनंतर किती दिवसांनी ठिपके परतले, कुठला मासा कधी गेला, आणि बाई काय म्हणाल्या होत्या. तपनदाने अर्ध्या तासात ते पुसलं. तेवढ्यात पाच जणांचे निरोप मला वेगळे, खासगीत आले. पाचांचाही मजकूर साधारण एकच होता. लसूण दिला होता, आमचेही मेले.

त्यातला एक बाईंना हसणाऱ्यांपैकी होता. मी त्याला विचारलं, हे ग्रुपवर लिहाल का? त्याने मला ब्लॉक केलं.