परतीची वाटी

शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम जिनं काढला त्या बाईला मला एकदा भेटायचं आहे. बाईच असणार. पुरुषांना असलं काही सुचत नाही, आणि सुचलं तरी वाटीत भरायला घरात काहीतरी असावं लागतं हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आमच्या नगरच्या कॉलनीत हा नियम अजून पाळतात. दिवाळीला समोरून फराळाचं ताट यायचं, नाताळात आमच्याकडून करंज्या जायच्या, कोपऱ्यावरच्या घरातून ईदला शीरखुर्मा. एरवीच्या दिवसांत वाट्या. कुणी खीर दिली तर त्याच वाटीत आपण चटणी घालून पाठवायची, लोणचं पाठवायचं, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर. हात चालता असतो तेव्हा हे सगळं फार गोड वाटतं.

मग करोना आला आणि शाळा बंद पडल्या. आमचे हे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. सगळ्यांची कामं थांबली तशी आमचीही थांबली, पण पुढं बाजार उघडले, हॉटेलं उघडली, लग्नं सुद्धा लागायला लागली, आणि शाळांची दारं बंदच. व्हॅन दारात उभी. हे रोज सकाळी फडकं घेऊन तिची काच पुसायचे, जणू आत्ताच कुणी घंटा वाजवणार आहे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, आणि राहुरीकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई. खाणारी तोंडं पाच आणि कमावणारं एकही नाही.

मी कोंड्याचा मांडा करणारी बाई आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला येत नाही. त्या दिवसांत मी बाजाराला जायची ती दिवेलागणीला. सकाळी तालेवारांनी जावं. संध्याकाळी खेड्यावरून आलेल्या बाया टेम्पोची वाट बघत असतात, उरलेला माल परत न्यायचा त्यांना कंटाळा आलेला असतो, आणि मग भाजीचे वाटे लागतात. एक वाटा उचलला की दोन मिरच्या वर. घरून जेवून निघायचं, कारण उपाशी माणूस भज्यांच्या गाडीपाशी हमखास थांबतो. पिशवी एकच न्यायची. आणि भाजी अशी घ्यायची जी दोनदा खाता येते. पाल्यासकट मुळा, दांड्यासकट फ्लॉवर, कोवळी सालं असलेला दुधी. दोडका आणला की गर भाजीला आणि वरच्या शिरा चटणीला. कोथिंबिरीच्या काड्या फेकणारीला मी सून करून घेणार नाही, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवलं आहे.

डाळ परवडेना तेव्हा येसर. भाजलेली बाजरी, हरभरे आणि थोडा मसाला एकत्र दळून ठेवायचा. उकळत्या पाण्यात डावभर पीठ सोडलं की घरभर पुरेल एवढी आमटी होते. रात्रीची भाकरी उरली तर सकाळी कुस्करून फोडणीला. मुलगा एकदा ताटावर बसून म्हणाला, "मम्मी, आज पण आमटीच?"

"आजची वेगळी आहे," मी म्हटलं.

"काय वेगळं आहे तिच्यात?"

"काल तू आजीशेजारी बसला होतास, आज बहिणीशेजारी बसलायस."

तो हसला नाही, पण जेवला. तेवढ्यावर माझं भागत होतं.

अडचण झाली ती समोरच्या काकूंमुळे. समोरच्या घरात काका-काकू दोघंच राहतात. काकांची एसटी स्टँडजवळ चहाची गाडी होती, ती तेव्हापासून बंदच होती. पोरी लग्न होऊन लांब गेल्या. पण काष्टीकडं त्यांची थोडी जमीन आहे, ती वाट्यानं देतात आणि वर्षाचं धान्य घरी येतं. ज्वारीची आणि गव्हाची पोती त्यांच्या मधल्या खोलीत रचलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा ते खाऊनपिऊन सुखी आहेत, असंच मी धरून चालले होते. आणि काकूंच्या वाट्या यायला लागल्या. आज लापशी, दोन दिवसांनी गव्हाची खीर, मग सांजा. मुलं खूश. मी मात्र कपाळाला हात लावायची. दुष्काळात तेरावा महिना! खाऊन झाल्यावर ती वाटी काहीतरी मागत माझ्या ओट्यावर बसणार होती.

मला वाटलं, काकूंना आमच्या घरातल्या ओढगस्तीचा वास लागला. माझी एकच पिशवी त्यांनी पाहिली असणार, दारात उभी व्हॅन पाहिली असणार, आणि कीव येऊन त्या खीर पाठवत असणार. कीव मला सोसत नाही. आजारपण सोसतं, कीव नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मी प्रत्येक वाटी भरून परत पाठवायची. दोडक्याच्या शिरा भाजून तीळ आणि मूठभर शेंगदाणे घातले की झकास चटणी होते. दुधीच्या सालींची होते. फ्लॉवरच्या दांड्यांचं लोणचं होतं. कशाचं आहे ते मी सांगायची नाही, आणि काकूही विचारायच्या नाहीत. वाटी घेताना म्हणायच्या, "लई चव हाय गं तुझ्या हाताला." आणि चटणी संपायच्या आत दुसरी वाटी हजर. मी मनात म्हणायची, या बाईला सोस तरी किती.

मार्गशीर्ष लागला आणि आमचा गॅस संपला. गॅस आणला तर बाजार नाही, बाजार केला तर गॅस नाही. गॅस आणला. त्या आठवड्यात भाजीच घरात आली नाही, मग सालं कुठली आणि शिरा कुठल्या. तेल बुडाला टेकलेलं. अशात गुरुवारी संध्याकाळी काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. देवीचा प्रसाद होता. आम्ही ख्रिस्ती, पण सासूबाईंनी "गोड हाय, खा" एवढंच म्हणून मुलांच्या हातावर ठेवला आणि स्वतःही खाल्ला. वाटी धुऊन मी फळीवर ठेवली. साखरेचा डबा उघडून पाहिला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खीर आली. आता वाट्या दोन झाल्या.

त्यानंतर एकही वाटी आली नाही. सुटले एकदाची, असं मला दोन दिवस वाटलं. मग लक्षात आलं, काकू दारातही दिसत नाहीत. नळावर गाठ पडली तर अर्धी भरलेली कळशी उचलून आत गेल्या. मी "काकू" म्हणून हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे काच पुसायचं फडकं पिळत होते. म्हणाले, "प्रसादाची वाटी होती ना ती? अजून दिली नाहीस. तिला वाटलं असेल, ख्रिस्ती माणसं, प्रसाद टाकून दिला असेल."

इतकी वर्षं शेजार, आणि देवधर्म आमच्यामध्ये कधी आडवा आला नव्हता. दर नाताळात करंज्या लाटायला काकू स्वतःचं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या, माझ्या करंजीला चपटी म्हणून नावं ठेवायच्या, जाताना माझ्या मुलांच्या पाठीवरून हात फिरवून जायच्या. माझी आई गेली तेव्हा मला जेवायला घालणारी ही बाई. नाताळ तोंडावर आलेला, आणि तिला वाटत होतं की मी तिच्या देवाचा प्रसाद उकिरड्यावर टाकला. भुकेचं मी काहीतरी केलं असतं. ही बाई तुटली असती तर मला दुसरी मिळणार नव्हती.

"रिकाम्या वाट्या दे जा," सासूबाई म्हणाल्या.

"रिकाम्या कशा देऊ, आई?"

"हातानं. आनखी कशानं?"

"आणि आपल्या घरात साखर सुद्धा नाही हे गावाला कळू दे? आपली अब्रू तरी राहू द्या."

"आब्रूला फोडनी घाल आन् वाढ पोरांस्नी," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात रेटून उठल्या. फळीवरच्या दोन्ही वाट्या त्यांनी घेतल्या आणि चपला न घालता दाराबाहेर पडल्या. मी त्यांना अडवायला म्हणून मागं धावले. खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर राग आला होता.

भर दुपार होती. काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं, सासूबाईंनी ते सरळ ढकललं. काका-काकू जेवायला बसले होते. दोघांच्या ताटात भाकरी होती, कडेला मीठ होतं, आणि मध्ये पाण्याचा तांब्या. काका भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून मिठाला लावत होते. दुसरं काही म्हणजे काहीच नव्हतं. काकूंनी घाईघाईनं पदर ताटावर ओढला.

सासूबाईंना त्यातलं काही दिसलं की नाही, देव जाणे. त्या ठरवून आल्या होत्या तेवढं बोलल्या. "बाई, वाट्या रिकाम्याच आनल्यात. भरायला घरात कायबी न्हाई. परसाद आमी समद्यांनी खाल्ला, पोरांनी बोटं चाटली. राग धरू नगा."

काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला वाटलं, तुला कळलं."

"काय कळलं?"

"की मी चटनीसाठी वाट्या धाडती."

मला अर्थबोधच होईना. काका मान खाली घालून मीठ चिमटीत धरून बसले. काकूंनीच सांगितलं. गाडी बंद झाल्यापासून हातात पैसा नव्हता. गावाकडून ज्वारी आली होती, गहू आला होता, घरात गुळाची ढेप होती. भाकरीला तोटा नव्हता, पण भाकरीबरोबर खायला कोरड्यास म्हणून काही नव्हतं. पोरींच्या दारात जायचं नाही, असं काकांनी बजावलेलं. मग काकूंनी आपल्याजवळ होतं त्याची लापशी करून आमच्याकडं पाठवली, आणि वाटीतून चटणी आली. ती दोघांना पुरवून पुरवून पुरली. म्हणून दुसरी वाटी, मग तिसरी.

"तू वाट्या ठिवून घेतल्या," काकू म्हणाल्या, "मला वाटलं, हिनं वळखलं आन् हात आखडला. मंग कोनत्या तोंडानं यू तुझ्याम्होरं?"

मी तिथंच उंबऱ्यात बसले आणि रडले. रडताना मला त्यांचा रागही येत होता आणि माझाही. इतके दिवस ज्या बाईला मी कीव करणारी समजत होते ती माझ्या सालींच्या चटणीवर जगत होती, आणि मी तिच्या वाट्या फळीवर मांडून बसले होते. "काकू," मी म्हटलं, "ती चटणी सालींची होती हो. दोडक्याच्या शिरांची. टाकायच्या मालाची."

"मंग? मला ठावं न्हाई व्हय? रांधन्यात जल्म गेला माझा," काकू म्हणाल्या आणि ताटावरचा पदर काढला.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघी मिळून गेलो. काकूंनी पिशवीत ज्वारी घेतली होती. एकटीनं धान्य घेऊन बाजारात बसायला त्यांना लाज वाटायची, कारण चहावाल्याची बायको म्हणून अर्धा बाजार त्यांना ओळखतो. दोघी होतो तेव्हा लाज निम्मी झाली. हुलगे घेऊन बसलेल्या एका म्हातारीशी त्यांनी मापाला माप बदलून घेतलं, वर तिच्याकडून लसणाची एक गड्डी काढली. वाटे लावणाऱ्या बायकांशी त्यांनी असा भाव केला की मला माझ्याच इतक्या दिवसांच्या हुशारीची शरम वाटली.

हुलग्याचं पीठ दळून आणलं आणि माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी शेंगोळी वळली. लसूण-तिखटाच्या उकळत्या पाण्यात पिठाची वेटोळी सोडायची आणि शिजू द्यायची. तेल थेंबभर लागतं, भाजी लागतच नाही. काकूंनी आपल्या ज्वारीच्या भाकरी थापल्या. माझं वेटोळं जाड होतंय म्हणून नावं ठेवली, ती मी मुकाट्यानं ऐकून घेतली. ऐकायला बरं वाटलं.

सगळे एका पंगतीला बसले. सासूबाईंनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली, काका-काकूंनी हात जोडले, मुलांनी एक डोळा उघडा ठेवून पातेल्याकडं पाहिलं. मी वाढायला लागले. आमच्याकडं पाहुणा कधी मागून घेत नाही. ताटावर हात आडवा धरायचा, नको नको म्हणायचं, पोट भरलं म्हणायचं. काकू तर त्यात पक्क्या. नाताळच्या जेवणात त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायचं म्हणजे झटापट असायची.

त्यांचं ताट रिकामं झालं. मी डाव भरून त्यांच्यासमोर वाकले आणि त्यांचा हात आडवा यायची वाट पाहत थांबले. हात आला नाही. काकूंनी दोन्ही हातांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

"वाढ आनखी," त्या म्हणाल्या. "पोट भरलं न्हाई माझं."