साडूंच्या मोबाईलमधला पंच

आमच्या साडूंशी वाद घालून जिंकलेला माणूस सोलापुरात नाही, आणि हरलेलाही नाही. कारण त्यांचं बोलणं संपेपर्यंत आजवर कुणी थांबलेलंच नाही. सरकारी कचेरीतून ते निवृत्त झाले आणि हक्काचे ऐकणारेही गेले. ते येताना दिसले की चौकातला चहावाला रेडिओ मोठा करायचा. शेवटी त्यांच्या लेकीनं त्यांच्या मोबाईलमध्ये बोलणारं एआय घालून दिलं आणि सगळ्या गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

साडू त्याच्यावर बेहद्द खूश. "पाव्हणं, मधे न तोडता ऐकणारा ह्यो पहिलाच गडी. वर माफी बी मागतोय! माफी मागणारा माणूस दाखवा की सोलापुरात!" जन्मभर बायकोला 'ए' म्हणून हाक मारणारे साडू मोबाईलला अहो-जाहो करू लागले. चहाला उठताना म्हणत, "बसा, आलोच." एका एप्रिलच्या दुपारी ते बाहेर निघाले, तर अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, म्हणाली, "उन्हाचं कुटं निघालाय?" त्यांनी मोबाईलला विचारलं. त्यानंही घरातच थांबायला सांगितलं. साडू चप्पल काढत मला म्हणाले, "बघा, काय अभ्यास हाय!"  अक्कानं भांडी जरा जोरात घासली.

मग त्यांनी घरातलं जुनं भांडण पंचापुढे मांडलं. लेकीच्या लग्नात साडूंचा कुंभारी गावातला थोरला भाऊ फोटोसाठी स्टेजवर बोलावलं नाही म्हणून न जेवता निघून गेला, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. साडूंनी सगळी हकीकत सांगितली, अर्थात आपल्या सोयीनं. निकाल आला: तुमचं दुखावणं अगदी स्वाभाविक आहे. साडूंनी तो निकाल आल्यागेल्याला ऐकवला.

एके दिवशी मी तिथंच बसलो असताना अक्का शांतपणे म्हणाली, "थोरल्या भावजींना बी त्यांच्या मोबाईलमधल्या ह्यानं तसंच सांगितलंय. जाऊबाई म्हणत हुत्या." दोघे भाऊ अबोल्यात असताना दोन्ही जावा रोज फोनवर बोलत होत्या, हे साडूंना त्या दिवशी कळलं. पण त्याहून मोठा घाव पंचाच्या फितुरीचा होता. "चला पाव्हणं, कुंभारीला. आत्ताच्या आत्ता!"

आम्ही गेलो. थोरले दारातच बसले होते. नमस्कार नाही, काही नाही. साडू गरजले, "दादा, तुला काय सांगितलं रं त्यानं?"

"माजं बरोबर हाय म्हणून."

"अन् मला माजं!"

"तू खोटं सांगितलं असशील."

"तू काय खरं सांगितलंस? माइकवरनं तुजं नाव पुकारलं हुतं, ते सांगितलंस का?"

"माइकवरनं? सख्ख्या भावाला माइकवरनं बोलावत्यात व्हय? हाताला धरून न्यायचं असतंय."

साडू चप्पल काढून दादाच्या शेजारी टेकले. जाऊबाईंनी चहा आणला. दोघांनी तो एकमेकांकडं न बघता प्यायला, आणि मग लग्नातला माइक किती खरखरत होता यावर त्यांचं एकमत झालं. जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असं थोरल्यांनी मला बजावलं. साडू आधीच हात धुवायला गेले होते.

परतताना बसमध्ये शेजारच्या माणसानं ऊस आणि पाण्यावर काहीतरी ठाम विधान केलं. साडूंनी एरवी त्याला सोलापूर येईपर्यंत सोडलं नसतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मला म्हणाले, "दादा लई वाळलाय हो."